समुद्र कुठल्या हाताला

सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, जाणाऱ्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात दाजींच्या गाडीच्या काचेतून फक्त आकाश दिसतं. चढ संपत आलेला असतो, बॉनेट वर उचललेलं असतं आणि रस्ता त्याच्या खाली कुठेतरी असतो. साधारण पाच सेकंद. मी मोजले आहेत. त्या पाच सेकंदांत गाडी जमिनीवरूनच चालली आहे याचा पुरावा एवढाच, की चाकांखाली दगड वाजत असतात.

लहानपणी मला वाटायचं, गाडी तिथून आभाळातच शिरते आणि दाजींची कलमं आभाळात लावलेली आहेत. वर पोचल्यावर खरोखरच तसं वाटतं. सपाट काळा कातळ, सोनेरी सुकलेलं गवत आणि मधेच हिरव्या गोल ढगांसारखी हापूसची कलमं.

वाट मिठबावातल्या आमच्या वाडीच्या मागून निघते, समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चढते आणि माथ्यावर पोचते. पोचल्या पोचल्या उजव्या बाजूला जुनी चिरेखाण आहे. कधीकाळी तिथून जांभ्याचे चिरे काढले; आता नुसता चौकोनी खड्डा उरलाय, दोन पुरुष खोल, तळाशी हिरवं पाणी. डावीकडे समुद्राच्या बाजूचा उतार. या दोन्हींच्या मधे गाडी मावते आणि वर दीड हात जागा उरते. म्हणजे माथ्यावर आलं की थोडं समुद्राकडे झुकायचं आणि मग सरळ व्हायचं. दिसलं तर काहीच अवघड नाही. पण नेमकं तिथेच दिसत नाही.

म्हणून तीस वर्षं सावित्रीकाकी गाडीच्या पुढे चालत आली. दाजी हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि सावित्रीकाकी त्यांची बायको. त्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, त्यांचा मुलगासुद्धा. आधी त्यांच्याकडे जुनी जीप होती, आता दोन वर्षांपूर्वी घेतलेली चारही चाकांना ओढ असलेली नवी गाडी आहे. पण शेवटच्या चढाच्या पायथ्याशी काकी उतरणार, पदर खोचणार आणि दहा पावलं पुढे चालू लागणार, यात गाडी बदलली म्हणून फरक पडला नाही. ती मागे वळून बघायची नाही. हात करायची नाही. नुसती ओरडायची. "खलाट! वाईच खलाट! सरळ! आता वलाट!" आमच्याकडे समुद्राकडची बाजू ती खलाट आणि घाटाकडची ती वलाट. दाजी समोरचं आकाश बघत, त्या आवाजावर स्टिअरिंग फिरवायचे.

मागच्या मार्चमध्ये काकीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर चाला, चढावर आणि सुट्या दगडांवर नाही. डिसेंबरात दाजी एकटेच वर गेले आणि गाडीचं पुढचं उजवं चाक खाणीच्या काठावरून खाली उतरलं. शेजारच्या बागेतली माणसं दोर घेऊन येईपर्यंत दोन तास ते तिरक्या गाडीत बसून होते. 

त्याच संध्याकाळी त्यांचा मुलगा गुरुप्रसाद जामसंड्याहून आला. तो तिथे शाळेत शिक्षक आहे आणि रागावला की शाळेची भाषा बोलतो.

"तुम्ही एकटे वर जाणार नाही," तो म्हणाला. "आई पुढे चालणार नाही. बाग यंदापासून सत्यवानला करारानं द्यायची. मोहोर बघून तो उत्तर मागायला येईल. मी हो सांगणार आहे."

सत्यवान बागा करारानं घेतो. वाईट माणूस नाही. पण करारानं दिलेल्या बागेत मालक पाहुणा असतो. फवारणी कधी, खत किती, फांदी कुठली तोडायची, हे सगळं दुसऱ्याचं. दाजींनी त्यातलं प्रत्येक कलम स्वतः बांधलेलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कोणालाच कळलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सत्यवानाचा निरोप आला, रविवारी येतो. मंगळवारी सकाळी दाजी आमच्या पडवीत येऊन बसले. मी जूनमध्ये फिजिक्सची एम.एस्सी. संपवली आणि पुढच्या मुलाखतीच्या पत्राची वाट बघत घरी होते. घरी असलेल्या एम.एस्सी.कडे वाडीतले सगळे बिघडलेले मिक्सर येतात. मला वाटलं, मिक्सरच असेल.

"गौरजा," ते म्हणाले, "त्या गाडयेत टीव्ही आसा मा? तेच्यात फुडचा दाखवता येतला काय गो?"

"फुडचा म्हणजे?"

"बॉनेटाच्या फुडचा. सावित्री दिसायची थंयचा."

गाडीच्या डॅशबोर्डवर कंपनीचा सात इंचांचा पडदा होता. दाजी त्यावर भजनं लावत. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, या मॉडेलला पुढचा कॅमेरा येत नाही. हवाच असेल तर अख्खा पडदा बदलावा लागेल. पण मला एक शंका होती. याच गाडीच्या महागड्या प्रकारात मागचा कॅमेरा येतो आणि पडदा तोच असतो. म्हणजे कॅमेऱ्याची जागा पडद्याच्या पाठीमागे असणार, फक्त रिकामी.

दुपारी मी डॅशबोर्डची पट्टी उपसली. जागा होती. धूळही न बसलेला एक छोटा सॉकेट, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. मीटर लावून मी एकेक तार तपासली. दाजींना रिव्हर्स गिअर टाकायला सांगितलं की एका तारेवर बारा व्होल्ट येत आणि पडदा काळा होऊन वर अक्षरं येत, कॅमेरा सापडला नाही. म्हणजे पडदा एरवी कॅमेऱ्याकडे बघतच नाही. गाडी मागे जाते आहे असं कळलं तरच बघतो.

उपाय सोपा होता आणि थोडा फसवणुकीचा. स्टिअरिंगच्या खाली एक बटण लावायचं. ते दाबलं की त्या तारेवर बारा व्होल्ट. गाडी पुढे चढत असेल, पण पडद्याच्या समजुतीनं ती मागे जात असेल. हा विचार मला फार आवडला. संध्याकाळभर मी तो डोक्यात घोळवत होते. एक गाडी, तिच्या आत एक छोटा पडदा, आणि त्याच्या दृष्टीनं आपण सगळे मागे मागे चाललोय, आणि तरी माथा जवळ येतोय.

कॅमेरा गुरुवारी देवगडच्या कुरिअरवाल्याकडे आला. एका टायरच्या किमतीत असे चार तरी येतील इतका स्वस्त. आकार सुपारीएवढा, त्याला आखूड शेपटी आणि शेपटीला दोन छोटे तारेचे फास, एक पांढरा, एक हिरवा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, पांढरा कापला की पार्किंगच्या रंगीत रेषा जातात, हिरवा कापला की चित्र उलटं होतं.

याचं कारण मला माहीत होतं. मागचा कॅमेरा चित्र आरशासारखं, डावं-उजवं पालटून दाखवतो, म्हणजे चालकाला गाडीच्या आरशात बघितल्यासारखं वाटावं. पुढे बघायचं तर ते पालटलेलं चालणार नाही. पण हा कॅमेरा पुढच्यासाठी म्हणूनच विकला होता. कदाचित आधीच सरळ असेल. एकदा कापलेला फास परत जोडायचा म्हणजे पाणी आत शिरायची भीती. म्हणून ठरवलं, आधी तपासायचं, मग कापायचं.

पांढरा फास मी लगेच कापला. रंगीत रेषा मागे जाण्याच्या मापाच्या असतात, पुढे त्या खोट्या. मग तारा जोडून कॅमेरा नुसता बंपरवर चिकटपट्टीनं लावला आणि तपासणीला बसले. वही उघडली. बॅटरीचा दाब. चित्र उमटायला लागणारा वेळ, घड्याळ लावून, सहा वेळा. उन्हात चित्र पांढरं पडतं का. सगळं लिहिलं.

शेवटी डावं-उजवं. काकी गाडीच्या समोर, त्यांच्या घरापुढच्या खळ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, गाडीकडे तोंड करून बसली होती. दाजी स्टिअरिंगवर. मी मधे उभी.

"काकी, उजवा हात वर कर."

काकीनं केला.

"दाजी, पडद्यात खयचो हात वर आसा?"

"उजवो."

"आता डावा."

"डावो," दाजी म्हणाले.

"माका पण विचार," काकी म्हणाली. "माझो हात माका ठावक आसा."

"गप रव गो, परीक्षा चल्ली आसा," दाजी म्हणाले.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा बरोबर. मी वहीत लिहिलं, डावे-उजवे योग्य, हिरवा फास कापण्याची गरज नाही. खाली रेघ ओढली.

कॅमेरा ग्रिलच्या जाळीत पक्का बसवेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या. तपासणीपुरतं बटण दाबलं, तेव्हा पडद्यात खळं उमटलं. मधोमध तुळशीवृंदावन, दोन बाजूंना दोन माड, थोडे वाकलेले, कारण भिंग रुंद होतं. काकी आत येऊन माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. खुर्ची अजून तिथेच होती.

"ऑपरेशनानंतर माका एकच सपान पडता," ती म्हणाली. "मी फुडे चलतंय. मागसून गाडयेचो आवाज येता. वळान बघतंय तर गाडी नाय. दर्या येता माझ्या मागसून, गुपचूप."

"भिया वाटता काय?"

"नाय गो. मी तेकाच सांगतंय, खलाट, खलाट. तो आयकता."

 तिला वाईट वाटत असेल असं मी गृहीत धरलं होतं, तीस वर्षांचं तिचं काम एका सुपारीएवढ्या डोळ्याला दिलं म्हणून. तसं मी थोडं आडून विचारलंही. ती हसायलाच लागली.

"तीस वर्सां मी धूळ खाल्लंय आणि हे सीटार बसान भजनां आयकतत. माका वाईट कित्या वाटात? माका फक्त वर जावचा आसा. मोहोर इलो तो मी बघूक नाय."

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. दाजी चालवायला, काकी पुढच्या सीटवर, मी मागे, खतांच्या रिकाम्या पोत्यांशेजारी. आठ वाजले होते आणि धुकं अजून उठलं नव्हतं. जानेवारीत ते सड्यावर असं बसतं की गवताची वरची टोकं तेवढी दिसतात. डाव्या हाताला समुद्र होता, पण तो दिसण्यापेक्षा ऐकू येत होता, आणि तोही स्पष्ट नाही. कोणी शेजारच्या खोलीत कूस बदलावी तसा.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी दाजींनी सवयीनं गाडी थांबवली. काकीचा हात सवयीनं दाराकडे गेला. दोघंही क्षणभर तसेच राहिले.

"बस," दाजी म्हणाले.

"बसलंय," काकी म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. पडदा उजळला. धुक्यातली वाट त्यात आली, तांबूस दगड, दोन चाकोऱ्या आणि दोन्ही कडांना वाकत गेलेलं राखाडी गवत. काचेतून दिसत होतं त्यापेक्षा ती वाट लांब आणि मऊ वाटत होती. गाडी चढू लागली. दगड पडद्याच्या वरच्या कडेला उगवत होते, फुगत होते आणि खालच्या कडेत विरून जात होते. कोळ्याचं एक जाळं दवानं भरलेलं, दोन काड्यांच्या मधे. ते आमच्यावर चालून आलं, सगळा पडदा त्यानं भरला आणि मग ते नव्हतं.

"मी हंयसून चलायचंय," काकी हळूच म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं होतं. "ह्या दगडार पाय देयत. मगे ह्या."

मग बॉनेट वर आलं आणि काचेत फक्त पांढरं उरलं. पाच सेकंद सुरू झाले. मला तेव्हा पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली नाही. पडद्यात सगळं दिसत होतं. वाट सपाट होत होती, आणि डाव्या कडेला खाणीचा काळा काठ वर येत होता, सरळ रेषेत कापलेला.

दाजींनी तो बघितला आणि स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

"खलाट!" काकी ओरडली. "खलाट घेवा!"

"खलाटेक खाण आसा! दिसता मा!"

"खाण काय चलान इली काय खलाटेक? दर्या माझ्या अंगाक आसा! खलाट!"

दाजींनी पडद्याकडे बघितलं नाही. त्यांनी मान वर केली, समोरच्या पांढऱ्याकडे बघितलं आणि तीस वर्षं जसं फिरवलं तसं स्टिअरिंग आवाजाच्या मागे फिरवलं. ब्रेक दाबला. गाडी एका बाजूला हलकेच कलली आणि थांबली. उजवीकडून दगडांचा आवाज आला, मग काहीच नाही, आणि मग खालून पाण्याचा.

 मी मागच्या दारानं उतरले. पुढचं उजवं चाक काठावर होतं. चाकाच्या कडेपासून खाणीपर्यंत माझी एक वीत आणि चार बोटं. मी मोजलं, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

परत आले तेव्हा दाजींनी इंजिन बंद केलं होतं. पडद्यात अजून ते चित्र होतं, शांत, खोटं.

"गुरुप्रसादाक फोन लाव," ते मला म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "सांग, दी म्हणा सत्यवानाक. माका आता फुडचा दिसणा नाय आणि हो टीव्ही पण फसयता."

"दाजी, दोन मिनिटां."

"नको बाय. तुझी चूक नाय. माझा वय झाला."

पण चूक माझीच होती आणि मला ती दिसत होती, अगदी समोर, वहीतल्या त्या रेघेसारखी सरळ. चित्र पालटलेलं होतं. मग तपासणीत तीन वेळा उत्तर बरोबर कसं आलं? मी डोळे मिटून खळ्यातली खुर्ची आठवली. काकी गाडीकडे तोंड करून बसलेली. समोरासमोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो. सरळ चित्रात तो पडद्याच्या डाव्या बाजूला दिसायला हवा होता. दाजींना तो उजव्या बाजूला दिसला, म्हणून ते म्हणाले, उजवो. काकीनं खरंच उजवा केला होता. दोघांची उत्तरं जुळली, आणि ती जुळली याचाच अर्थ चित्र आरशाचं होतं. मी अशी तपासणी रचली होती की जिच्यात फक्त चुकीचाच कॅमेरा पास होईल.

एकच शब्द वेगळा वापरला असता तर. काकीला म्हटलं असतं, खलाटेक हात कर, तर दाजींनी पडद्यात वलाटेक हात बघितला असता आणि तिथल्या तिथे मला वेड्यात काढलं असतं. पण मला डावं-उजवं जास्त शास्त्रीय वाटलं. वास्तविक उजवा हात माणसाबरोबर फिरतो. समुद्र फिरत नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, थोडं अडखळत. दाजी ऐकत होते. काकीनं अर्ध्यातच डोक्याला हात लावला.

"म्हणानच!" दाजी एकदम म्हणाले. "काल हिचो पदर माका टीव्हीत उजव्या खांद्यार दिसलो. माका वाटला, ऑपरेशनानंतर गुजरात्यासारखी नेसाक लागली."

"आणि माका इचारूक नाय?"

"बायल कशी नेसता ता मी कित्या इचारू? परीक्षा चल्ली हुती."

काकी हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की मघाच्या वीतभर जागेचं, मी विचारलं नाही.

आधी गाडी काठावरून मागे घ्यायला हवी होती. दाजींनी रिव्हर्स टाकला. एकच सॉकेट असल्यामुळे पडद्यात अजूनही पुढचंच चित्र होतं, आणि आता पहिल्यांदाच त्याची समजूत खरी झाली होती. गाडी खरोखर मागे जात होती. खाण हळूहळू लहान झाली, गवतानं ती झाकली, धुक्यानं गवत झाकलं. जणू मघाचं सगळं कोणी जपून परत ठेवत होतं. मोठा दगड चाकामागे लावून मी ग्रिलपाशी गुडघ्यांवर बसले, जाळीतून शेपटी ओढली आणि पक्कडीनं हिरवा फास कापला.

"आसा तशी बस," मी काकीला म्हटलं, "आणि पडद्यात बघ. दर्या खंय दिसता?"

धुकं थोडं पातळ झालं होतं. तिनं वेळ घेतला. तिनं आधी आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघितलं, मग पडद्यात, मग परत बाहेर.

"हंय," ती म्हणाली आणि पडद्याच्या डाव्या कडेला बोट टेकवलं. तिथे एक फिकट पट्टा होता, आकाशाहून जरासा उजळ. "खलाटेकच आसा. जाग्यार."

"दाजी?"

दाजी पडद्याकडे बघतच नव्हते. ते स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

"माका तो बघूक नको," ते म्हणाले. "माका तेच्यात बघान चलवूक जमाचा नाय. डोळे एकीकडे आणि हात एकीकडे." मग काकीकडे न बघता म्हणाले, "तू बघ. तू सांग."

मला आधी हे अपयश वाटलं. मी तो पडदा त्यांच्या डोळ्यांसाठी जोडला होता. पण काकीनं सीट पुढे ओढली, पदर खोचला, गाडीत बसल्या बसल्या, आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकली.

"चला," ती म्हणाली.

बॉनेट वर आलं. काच पांढरी झाली.

"सरळ. सरळ येवा. आता वाईच खलाट. अजून. तो चपटो दगड चाकाखाली येवंदे. हां. खाण आता वलाटेक, एक हात. सरळ. सरळ. चला, चला, चला."

ती ओरडत नव्हती. ओरडायची गरजच नव्हती, ते हातभर अंतरावर होते. तीस वर्षं पाठमोरी, वाऱ्यात, इंजिनाच्या वरताण फेकलेले तेच शब्द ती आता घरात बोलावं तसे बोलत होती, आणि दाजी आकाश बघत ते ऐकत होते. बॉनेट खाली आलं. कातळ लागला. खाण उजव्या खिडकीतून सावकाश मागे गेली, तिच्या हिरव्या पाण्यावर धुक्याचा एक थर, न हलता.

बागेत शिरलो तेव्हा ऊन आलं होतं. कलमं मोहोरानं पिवळसर झाली होती आणि वास इतका दाट की गाडीच्या काचा खाली करताच तो आत येऊन बसला. दाजी उतरले, पहिल्या कलमापाशी गेले आणि मोहोराचा एक तुरा बोटांत धरून खालीवर बघू लागले. तुडतुड्यांची कीड आहे का ते बघत असणार. काकी उतरली नाही. कातळ सपाट होता, उतरता आलं असतं. ती नुसती बसून होती.

मी फोन लावला. गुरुप्रसाद शाळेत होता, मधली सुट्टी असावी, मागे पोरांचा गोंगाट. कॅमेऱ्याचं त्याला मी आधीच कळवलं होतं.

"कॅमेरा चालला?" त्यानं विचारलं.

मला नुसतं हो म्हणता आलं असतं. दाजी कलमापाशी उभे होते, पाठ करून, पण बागेत गुंडाळून ठेवलेला फवारणीचा पाइप त्यांनी उचलून हातात तसाच धरला होता. उलगडत नव्हते.

"पहिल्यांदा नाय चललो," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. फास, खुर्ची, वीत आणि चार बोटं. काहीच गाळलं नाही. नंतर काय झालं तेही सांगितलं.

 तिकडे घंटा वाजली.

"म्हणजे शेवटी कॅमेऱ्यानं नाही, आईनं नेली गाडी."

"दोघांनी. कॅमेरो नसतो तर तिका उतरान चलाचा लागला असता."

"आणि ती नसेल त्या दिवशी?"

त्याचा चढलेला आवाज काकीपर्यंत पोचला होता. काकीनं हात पुढे केला आणि माझ्याकडून फोन घेतला.

"गुरू, आयक. मी नसलंय त्या दिवशी हे जावचे नाय. मी सांगतंय ता हे आयकतत, तुझा नाय आयकले तरी." ती थोडी थांबली, पलीकडचं ऐकलं. "गुडघ्याक काय झाला? बसाक डॉक्टरान नको सांगूक नाय. नाय, उतारार पाय टाकूचंय नाय, शपथ. तू रविवारी ये. मागच्या सीटार बस, डोळ्यांन बघ. मगे सत्यवानाक काय सांगाचा ता सांग." पलीकडून पुन्हा काहीतरी. "मागच्याच सीटार. फुडची माझी आसा."

तिनं फोन मला परत दिला. तो अजून चालू होता. गुरुप्रसाद तिकडे हसत होता की उसासा टाकत होता, ते गोंगाटात कळलं नाही.

"सत्यवानाक सांग, रविवारी येव नको," तो म्हणाला. शाळेची भाषा गेली होती. "मी आधी येवन बघतंय. आणि त्या खाणीच्या कडेक चिऱ्यांचो गडगो घालूक होयो. दोन माणसां घेवन येतंय."

मी ते, गडग्याच्या भिंतीसकट, मोठ्यानं परत सांगितलं, दाजींना ऐकू जाईल असं. ते वळले नाहीत. त्यांनी पाइप खाली कातळावर टाकला आणि पायानं ढकलत उलगडायला सुरुवात केली.